वाचक विचारतात : अंगणवाडीचं वचन दारापर्यंत पोचलं का?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात सुरू झाली, तेव्हा पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. विदर्भातल्या आदिवासी लेकरांना सरकारने दिलेला शब्द इतका जुना आहे. दर निवडणुकीत त्यात भर पडते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर या विषयावर आलेल्या पत्रांत विचारणा साधारण एकच आहे: बोललेलं कुठवर आलं, हे गावात बसून कसं तपासायचं? त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरं. (पत्रांतले ढाणा, गुडा, टोला, पोड हे सगळे आदिवासी वस्त्यांसाठीचे शब्द.)

निवडणुकीच्या वेळी आमच्या ढाण्यावर नेते आले. नवी अंगणवाडी, पक्की इमारत, लेकरांना अंडं, अंगणवाडीताईला पंधरा हजार, असं सगळं बोलून गेले. आता विचारलं की 'काम सुरू आहे' म्हणतात. गावाने याचा हिशोब कसा ठेवावा?
— ग्रामपंचायत सदस्य, चिखलदरा तालुका

आधी बोललं कोण, ते वेगळं करा. उमेदवाराचं भाषण, पक्षाचा जाहीरनामा आणि आधीच चालू असलेल्या सरकारी योजनेची घोषणा, या तिन्हींचा माग वेगवेगळ्या कागदांतून लागतो. भाषण असेल तर तारीख, ठिकाण, जमल्यास रेकॉर्डिंग ठेवा. जाहीरनामा असेल तर त्या पानाची छापील प्रत आजच काढा, कारण पक्षांच्या संकेतस्थळावरून जुने जाहीरनामे नाहीसे होतात.

जाहीरनाम्यातलं वचन पाळलं नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही, हे ध्यानात ठेवा. पण सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ ला एस. सुब्रमण्यम बालाजी खटल्यात निकाल दिला. त्यानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं. वचनामागचं कारण आणि त्यासाठी पैसा कसा उभा करणार, हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावं, असं त्यात आहे. म्हणून 'पैसा कुठून आणणार?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो आयोगाच्याच अपेक्षेतला प्रश्न आहे.

आता एक जाड वही घ्या. प्रत्येक वचनाला एक पान. वर वचनाचे शब्द जसेच्या तसे उतरवा, आपल्या भाषेत सारांश करू नका. खाली लिहा: किती, कोणाला, कधीपर्यंत, कोणता विभाग, पैसा कुठला. जे सांगितलेलं नाही तिथे 'सांगितले नाही' असंच लिहा. पुढे वाद होतो तो नेमका या मोकळ्या जागांवर.

पंधरा हजारांचंच घ्या. महायुतीच्या २०२४ च्या दहा कलमी वचनांत अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिन्याला १५,००० रुपये मानधन आणि विमा संरक्षण असं होतं. हे निव्वळ मानधन की प्रोत्साहन भत्ता धरून? राज्याने २०२४ मध्येच मानधनवाढीबरोबर प्रोत्साहन भत्ताही जाहीर केला होता. तो कामगिरीवर मिळतो, हक्काने नाही. मदतनीस यात आहे का? केंद्राच्या हिशोबात सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये आहे, आणि त्याचेही ६० टक्केच केंद्र देतं. वरचा भार सगळा राज्याच्या तिजोरीवर. म्हणून वहीत दोन रकाने करा: 'मानधन' आणि 'भत्ता'. ताईच्या बँक पासबुकात दर महिन्याला जे जमा होतं ते तिच्या परवानगीने त्यात भरा. दोन्ही मिळवून कोणी 'पंधरा झाले' म्हणालं तर वही उघडता येईल.

'काम सुरू आहे' या उत्तराला पाच पायऱ्यांनी धरायचं. नुसतं बोललं गेलं, सभागृहात आलं, अर्थसंकल्पात पैसा पडला, शासन निर्णय निघाला, गावात पोचलं. दर वेळी विचारा, यातल्या कितव्या पायरीवर आहे आणि तिथल्या शेवटच्या कागदाची तारीख काय. तारीख सांगता आली नाही तर आधीच्याच पायरीवर नोंद ठेवा.

दुसऱ्या पायरीचा उपयोग आपल्याकडे फार कमी होतो, याची खंत वाटते. मंत्र्याने सभागृहात 'हे करू' म्हटलं की ते आश्वासन होतं. विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि पूर्ततेसाठी ९० दिवसांची मुदत धरते. सभेतल्या भाषणाला असं कुठलंच घड्याळ लागलेलं नसतं. तुमच्या आमदाराला लेखी पत्र द्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडायला सांगा आणि उत्तराचा क्रमांक वहीत घ्या. प्रश्न नेमका असेल तरच उत्तर नेमकं येतं. 'मेळघाटातील अंगणवाड्यांची दुरवस्था' असं विचारलं तर 'अंशतः खरे आहे' एवढंच हाती लागतं. 'अमुक प्रकल्पात किती केंद्रांना स्वतःची इमारत नाही, त्यांपैकी किती यंदा मंजूर, निधी कोणत्या तारखेला वितरित' असं विचारलं तर आकडे द्यावेच लागतात.

आमच्या गुड्याला अंगणवाडीची इमारत मंजूर झाल्याचा शासन निर्णय व्हॉट्सअॅपवर फिरला. दीड वर्ष झालं, पायाही खोदला नाही. निर्णय खोटा होता का?
— शिक्षक, जिवती तालुका

निर्णय खरा असू शकतो आणि तरी पाया खोदला जात नाही. शासन निर्णय हाती आला की तो शेवटाकडून वाचायचा.

अगदी शेवटच्या परिच्छेदात 'संकेतांक' म्हणून लांबलचक आकडा असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो टाकून राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर मूळ प्रत मिळते का ते पाहा. संकेतांकच नसेल तर तो मसुदा किंवा बनावट कागद असू शकतो. त्याच्या वर दोन वाक्यं शोधा: एक, वित्त विभागाच्या सहमतीचं, अनौपचारिक संदर्भ क्रमांकासह, दुसरं, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशोबाच्या कोणत्या खात्यातून, भागवायचा ते. दोन्ही असतील तर पैशाला वाट आहे. दोन्ही नसतील तर तो कागद निव्वळ सूचना आहे. मग परिशिष्टातली यादी पाहा. जिल्ह्याचं नाव असतं, तालुक्याचं असतं, आणि आपला गुडा मात्र नसतो, असं पुष्कळदा होतं.

शब्दही नीट पाहा. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे काम करायला हरकत नाही. 'निधी वितरित' म्हणजे पैसा सुटला. बातमीत दोन्हींना 'मंजूर' म्हणतात. तुमच्याकडे फिरलेला कागद बहुधा पहिल्या जातीचा असावा. पुन्हा काढून बघा.

पैसा सुटला असेल तर लेखाशीर्ष घेऊन राज्याच्या बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो. इथे दोन ठिकाणी माणूस चुकतो. आदिवासी घटकाचा पैसा महिला व बालविकास विभागाच्याच पुस्तकात असतो असं नाही. तो आदिवासी विकास विभागाच्या मागणी क्रमांक टी-५ खालीही असतो. एकच पुस्तक पाहिलं की 'तरतूदच नाही' असं वाटतं. दुसरं म्हणजे, जिल्हा परिषदेकडे पैसा वर्ग झाला की राज्याच्या हिशोबात तो खर्च धरला जातो. जिल्हा परिषदेला मात्र तो वापरायला पुढचं आर्थिक वर्षही मिळतं. म्हणून मार्चमध्ये शंभर टक्के खर्च दिसतो आणि तुमच्या गुड्यावर मुरमाचा ढीगही नसतो. राज्याचा आकडा वाचून समाधान मानू नका. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातला कार्यारंभ आदेश मागा.

इमारतीचा पैसा एका ठिकाणाहून येत नाही, हे दुसरं दुखणं. केंद्राच्या सक्षम अंगणवाडी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका इमारतीचे १२ लाख रुपये असे धरले होते: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगातून, २ लाख महिला व बालविकासाकडून. तीन ठिकाणी तीन फायली, आणि सगळ्यात मोठा वाटा अशा योजनेतून जिथे मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागतं. इमारतीला साहित्यच जास्त लागतं, कुशल कामाची आणि साहित्याची बिलं अडकतात, ठेकेदार जोत्यापर्यंत येऊन थांबतो. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचाच धरलेला होता. त्यापुढच्या वचनाला 'तो वाटा आता कोण देणार' हे विचारायलाच हवं.

तिसरी अडचण जागेची. जिवतीपासून भामरागडपर्यंत गावठाणाला लागून वनजमीन असते आणि 'वनविभागाची परवानगी नाही' या वाक्यावर काम बंद पडतं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये अंगणवाडीचं नाव घेऊन सोय केलेली आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. वनसंवर्धन कायद्याची लांब प्रक्रिया त्याला लागत नाही. प्रस्ताव काम करणाऱ्या यंत्रणेने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. त्याला ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा आणि झाडांची गणती जोडावी लागते. ठरावात 'अंगणवाडीसाठी जागा द्यावी' एवढंच लिहिलं तर तो परत येतो. गट किंवा कक्ष क्रमांक, क्षेत्र आणि झाडांची संख्या ठरावातच लिहा.

आमच्या टोल्यावर अंगणवाडी नाही. मुख्य गाव दोन किलोमीटर, मधे नाला. पावसाळ्यात चार महिने लेकरं जात नाहीत. नव्या योजनांत आम्ही बसतो का?
— बचत गट सदस्य, धानोरा तालुका

ताई, तुमचा हक्क नव्या योजनांच्याही आधीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला अन्न हक्काच्या खटल्यात सांगितलं की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. शिवाय आदिवासी भागात ३०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० ला मिनी अंगणवाडी असं केंद्राचं प्रमाण होतं. मिनी अंगणवाडीचं पूर्ण अंगणवाडीत रूपांतर करायचं धोरण नंतर आलं.

अडतं कुठे, ते सांगते. तुमच्या टोल्यावरची लेकरं मुख्य गावच्या अंगणवाडीच्या पटावर आधीच नोंदलेली असतात. कागदावर ती 'समाविष्ट' आहेत, त्यामुळे मागणी गेली की 'वस्ती आच्छादित आहे' असं उत्तर येतं. जनगणनेत टोल्याला वेगळा आकडा नसतो, हेही कारण दिलं जातं.

म्हणून यादी तुम्हीच करा. बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख (माता-बाल संरक्षण कार्डावरून), मुख्य गावच्या पटावर नाव आहे का, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत किती दिवस हजर होतं. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. पटावर नाव आणि चार महिने गैरहजेरी असं एकेका ओळीत दिसलं की 'आच्छादित' हे उत्तर टिकत नाही. गरोदर बाया वेगळ्या लिहा. सहा महिन्यांत तीही लेकरं येणार आहेत. आशाताईंकडून यादी पडताळून सही घ्या, पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेत ठराव करा आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्याच. तीन महिने त्या शिक्क्यापासून मोजायचे. शिक्का नसेल तर मागणी झालीच नाही, असं धरलं जाईल.

नव्या योजनांबद्दल. पीएम-जनमन (१५ नोव्हेंबर २०२३) मध्ये देशभरात २,५०० अंगणवाड्या धरल्या आहेत, पण त्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. विदर्भात माडिया गोंड आणि कोलाम. तुमच्या टोल्यावर माडिया कुटुंबं असतील तर ते ठरावात स्पष्ट लिहा. धरती आबा अभियानात (२ ऑक्टोबर २०२४) ८,००० अंगणवाड्या म्हटल्या जातात, पण त्यात नव्या २,०००. बाकी ६,००० म्हणजे असलेल्या केंद्रांचं सक्षम अंगणवाडीत रूपांतर. तुमच्या जिल्ह्याचा आकडा कोणी सांगितला तर पुढचा प्रश्न हाच: यात नवी किती? टीव्ही आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र जुन्या केंद्राला बसलं तर ते चांगलंच आहे, पण त्याने तुमच्या लेकरांचा नाला ओलांडला जात नाही.

अमृत आहारातली अंडी कधी मिळतात, कधी नाही. विचारलं की 'पैसे आले नाहीत' म्हणतात. आम्ही नेमकं काय मोजायचं?
— एक आई, धारणी तालुका

अंडी मोजा. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांच्या एक वेळच्या चौरस आहारासाठी सुरू झाली. २०१६ पासून ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस, म्हणजे महिन्याला १६ दिवस, उकडलेलं अंडं. जे अंडं खात नाहीत त्यांना केळी. तुमच्या अंगणवाडीत अंडं खाणारी ३० मुलं असतील तर महिन्याला ४८० अंडी व्हायला हवीत. १६ ट्रे. आहार समितीच्या खरेदीच्या पावत्यांची बेरीज आणि हा आकडा शेजारी ठेवला की किती दिवस बुडाले ते पाच मिनिटांत निघतं.

कमी का पडतात? बहुतेक वेळा ताईने खाल्ली म्हणून नाही, हे गावात आधी सांगायला हवं. संशय नाहक तिच्यावर जातो. निधी आहार समितीच्या खात्यावर उशिरा येतो, तोवर किराणावाला उधार देत नाही. अंड्याचा दर शासन निर्णयात ठरलेला असतो आणि थंडीत बाजारभाव त्याच्या वर जातो. मग चारऐवजी तीन दिवस वाटतात. म्हणून खात्याच्या पासबुकातून पैसे जमा झाल्याच्या तारखा घ्या. जमा झाल्यावरही अंडी नसतील तर प्रश्न गावातला आहे. जमाच नसतील तर तो प्रकल्प कार्यालयाचा, आणि कधीकधी त्याच्याही वरचा. दोन्ही तक्रारी वेगळ्या माणसाकडे जातात.

गरम ताजा आहार आणि घरी न्यायचं पाकीट हे वेगळं. ते राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ५ खाली येतं, वर्षाला ३०० दिवस. ते आदिवासी असो नसो, सगळ्यांना. अमृत आहार त्याला जोड म्हणून आहे, बदली म्हणून नाही. अंडं दिलं म्हणून खिचडी बंद, असं चालत नाही.

पोषण ट्रॅकरवर आमच्या भागातलं कुपोषण कमी झालेलं दिसतं. प्रत्यक्षात तसं वाटत नाही. आकडे खरे धरावेत का?
— आरोग्य कार्यकर्ता, भामरागड तालुका

आकडा किती मुलांवर काढलाय, ते आधी बघा. पोषण ट्रॅकर हे अंगणवाड्यांच्या नोंदींचं केंद्राचं ॲप १ मार्च २०२१ पासून आहे आणि त्याची टक्केवारी मोजलेल्या मुलांची असते. समजा पटावर ६० मुलं, मोजली ४२, तीव्र कुपोषित ३. राहिलेली १८ कोण? लांबच्या टोल्यावरची, आईबापांबरोबर कामावर गेलेली. म्हणजे ज्यांची काळजी जास्त तीच. 'किती कमी झालं' याआधी 'किती मोजली' हे वचनाच्या पानावर लिहायची सवय लावा. मेळघाटात दिवाळीनंतर कामाला बाहेर पडलेली कुटुंबं होळीला परततात. त्या पंधरवड्यात घेतलेलं वजन डिसेंबरच्या वजनापेक्षा खरं चित्र देतं.

आता मोजण्याची पद्धत. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून लांबी घ्यायची, त्यावरच्याला उभं करून उंची. आडव्या मापापेक्षा उभं माप साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं. वीस महिन्यांचं मूल उभं करून मोजलं तर ते कागदावर बुटकं होतं आणि उंचीच्या मानाने त्याचं वजन बरं दिसू लागतं. सीमेवरचं तीव्र कुपोषित मूल अशाने यादीतून गळतं. आडवं घेताना एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ करायचे. एकटी ताई हे करूच शकत नाही, त्यामुळे मदतनीस पद रिकामं असेल तिथल्या मापांवर भरवसा ठेवताना जपून. वजनकाटा आधी शून्यावर आहे का तेही पाहा.

दंडघेराची पट्टी स्वस्त आणि भरवशाची: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल तर माप काहीही असो, मूल तीव्र कुपोषित धरून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. वजन-उंची आणि दंडघेर ही दोन मापं दर वेळी जुळतातच असं नाही. एकात आलं तरी मूल यादीत घ्यायचं.

'मातृभाषेतून बालशिक्षण' असं वचन आहे. आमच्या पोडावर लेकरं कोलामी बोलतात, ताई मराठी. हे कसं तपासणार?
— पांढरकवड्याजवळून

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, आणि आदिवासीबहुल भागातल्या आश्रमशाळांत पूर्वप्राथमिक शिक्षण, असं म्हटलंय. तपासायचं तीनच गोष्टींनी: भरतीच्या जाहिरातीत स्थानिक बोली येण्याला काही महत्त्व आहे का, केंद्रात कोलामीतलं एक तरी चित्रपुस्तक किंवा तक्ता आहे का, आणि तीन वर्षांचं मूल पहिल्या महिन्यात ताईशी बोलतं का. सेविकेला बारावी उत्तीर्णची अट आली, त्यामुळे पोडावरची बाई निवडीत मागे पडते. मदतनीस तरी पोडावरचीच असावी, हा आग्रह ग्रामसभेने धरावा. पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीत शिक्षण हा विषय बसतो. चित्रतक्ते त्यातून छापून घ्या, वरून येण्याची वाट पाहू नका.

इतर देशांत आदिवासी बालकांच्या योजनांची वचनं कशी तपासतात?
— समाजकार्याची विद्यार्थिनी, यवतमाळ

दोन उदाहरणं आपल्या कामाची आहेत. कॅनडाने सप्टेंबर २०१८ मध्ये आदिवासींच्या बालशिक्षण आणि बालसंगोपनाची चौकट जाहीर केली. दहा वर्षांत १.७ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम, आणि फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटी यांचे वाटे वेगळे. सगळ्या आदिवासींचा एकच आकडा दिला की छोट्या गटाला काय मिळालं ते दिसत नाही. कोलाम आणि माडियांच्या बाबतीत आपल्याकडे हेच होतं. तिथल्या लाव्हाल विद्यापीठातले अभ्यासक निवडणुकीतली वचनं एकेक करून, पुरावा जोडून, पूर्ण, अंशतः, मोडलं असं नोंदवतात.

ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये ठरवलं की दुर्गम वस्त्यांतल्या सगळ्या चार वर्षांच्या आदिवासी मुलांना पाच वर्षांत बालशिक्षण मिळेल. २०१३ मध्ये लक्ष्य हुकलं. मग नवं आलं: २०२५ पर्यंत ९५ टक्के मुलांची नोंदणी. मुदत सरली की लक्ष्याचे शब्द बदलतात, हे लक्षात घ्या. आधी 'दुर्गम वस्त्या' होत्या, नंतर सगळीकडची मुलं आली, आणि मोजायचं ठरलं ते नाव दाखल झालं का. मूल किती दिवस आलं हा वेगळा प्रश्न. तुमच्या अभ्यासात जुन्या वचनाचं पान फाडू नका, नव्याच्या शेजारी ठेवा.

माहिती अधिकारात अर्ज केला, 'माहिती विहित नमुन्यात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. आता काय?
— सरपंच, कुरखेडा तालुका

अर्ज बहुधा माहिती तयार करून मागणारा होता. कार्यालयाने असलेली कागदपत्रं द्यायची असतात, विश्लेषण नाही. 'अंडी नियमित का मिळत नाहीत' याऐवजी 'अमुक अंगणवाडीच्या आहार समिती खात्यात १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात जमा झालेल्या रकमांच्या नोंदींची प्रत' असं मागा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. इमारत, मानधन, आहार यांचे तीन अर्ज करा. अर्जाचा नमुना जोडपत्र अ, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट; दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर त्यांनी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तिकडे पाठवायची असते. तुम्हाला परत धाडायचं नसतं.

प्रती मागण्याआधी पाहणी मागा. पहिला तास मोफत असतो. राज्याच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तर आणि त्याखालच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला मिळायला हवेत. वही घेऊन जा, हवी ती पानं नोंदवा आणि तेवढ्यांच्याच प्रती दोन रुपये पानाने घ्या. तीनशे पानं मागितली की सहाशे रुपयांची मागणी येते आणि अर्ज तिथेच थांबतो.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). तुमच्यासारखं अर्धवट उत्तर आलं तर ते मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. अपिलात नवं काही मागू नका. मूळ अर्जाचा मुद्दा, मिळालेलं उत्तर आणि ते कुठे अपुरं, एवढंच लिहा. तिथेही नाही मिळालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे: गडचिरोली, चंद्रपूरवाल्यांनी नागपूरला, मेळघाट आणि यवतमाळवाल्यांनी अमरावतीला. सुनावणीला वेळ लागतो. तोवर तोच अर्ज पुढच्या आर्थिक वर्षासाठी नव्याने टाकून ठेवा.